फाटका भोंगा, नारिंगी डबा

पुतण्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी हौसेने त्याला पेडल दिलं. घरी आलेलं खोकं बघून शेजारच्या वहिनींना वाटलं, सायकलचं असणार. "मग एकच कसं पाठवलं?" म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. तळहातावर मावेल एवढा धातूचा डबा, वर पिळायचे तीन कान, खाली पायाने दाबायची पट्टी, दोन कुशींना दोन भोकं. एका भोकातून वाद्याचा आवाज आत शिरतो आणि दुसऱ्यातून रूप बदलून बाहेर पडतो. वस्तू गिटारवाल्यांची. आमचा पुतण्या मात्र गिटार वाजवत नाही. तो बँजो वाजवतो. अलिबागच्या किनाऱ्यावरच्या एका बँजो पार्टीत हळदी, वराती, गणपती, जत्रा यांच्या सुपाऱ्या घेतो, आणि त्याच्या बँजोची वायर असल्याच डब्यांतून फिरून पुढे जाते.

मी आणलेला डबा नारिंगी होता. रंग बघून घेतला हे कबूल करतो. पुतण्याने खोकं उघडलं, "भारी आहे काका," म्हणाला, पाया पडला आणि डबा कपाटात ठेवून दिला. पुढे तीन महिने तो मला कपाटाबाहेर दिसला नाही. भेट चुकली हे कळायला आणखी कसली खूण हवी?

गंमत अशी की याच घरात, याच्या बापाला, म्हणजे माझ्या दादाला, मी एकदा भेट दिली होती आणि ती अगदी बरोबर लागली होती. तेव्हा मला संगीतातलं आजच्याइतकंही कळत नव्हतं.

साल १९८६. जिल्ह्याचं नाव कुलाबा जाऊन रायगड होऊन पाच वर्षं झाली होती, पण आमच्या आईच्या तोंडी अजून कुलाबाच होतं. थळच्या खत कारखान्यात मी नुकता लागलो होतो. पहिल्या पगारातून दादाला काय घ्यायचं हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण उत्तर रोज ताटावर ऐकायला मिळायचं. पिकप नाही. पिकप असता तर. अमक्या पार्टीला बघ, त्यांच्याकडे पिकप आहे.

इथे बँजोबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेतला तो गोल, चामडं ताणलेला बँजो तो आमचा नव्हे. आमचा म्हणजे बुलबुल तरंग: लांबट लाकडी पेटी, वर पोलादी तारा, आणि तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. 'सारखी' म्हणतोय खरं, पण ती कल्पना टाइपरायटरवरूनच उचललेली. जपानातल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने १९१२ साली हे वाद्य केलं. तिकडे ताईशो कालखंड तेव्हा नुकता सुरू झाला होता, म्हणून वाद्याचं नाव ताईशोगोतो. आपल्याकडे येऊन त्याचं बुलबुल तरंग झालं आणि आमच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत बँजो. गावातल्या तोंडात तर बेंजोच. रवी जाधवांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन त्याच नावाचा हिंदी सिनेमा काढला. तो बघून आलेल्या शहरातल्या एका नातेवाइकाने मला विचारलं होतं, "हे असलं वाद्य खरंच असतं का रे?" मी त्याला पुढच्या हळदीचं आमंत्रण दिलं.

आमच्या लहानपणी वरातीला खालूबाजा असायचा. सनई, ढोल, टिमकी. त्याला ना वीज लागायची ना वायर. बँजो आला तो विजेला धरून. नुसत्या हवेत बँजोचा आवाज चार हातांपलीकडे जात नाही. कच्छी ढोल आणि ताशापुढे तर तो मुकाच. म्हणून दादाची पार्टी बँजोच्या पेटीला सुतळीने माइक बांधायची. माइकला काय, तो सगळंच ऐकतो. बँजो ऐकतो, ताशा ऐकतो, नवऱ्या मुलाच्या मामाचं भांडणही ऐकतो. आणि भोंग्याच्या जरा समोर गेला की शिट्टी मारतो. पिकपचं तसं नसतं. चुंबकावर तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की खालच्या वेढ्यांत वीज थरथरते. ढोलाचं त्याला काही पडलेलं नाही.

पहिला पगार घेऊन मी रेवसहून लाँच पकडली आणि भाऊच्या धक्क्याला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर केसाएवढी बारीक, वार्निश चढवलेली तांब्याची तार घेतली. चुंबक जुन्या स्पीकरमधलं. धोबीतलावला जाऊन तारांची भेंडोळी घेतली, चांगली चार, कारण आमच्या खाऱ्या हवेत बँजोची तार महिनाभरात तांबूस पडते आणि हाताला खरखर लागते. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद असतात, समुद्राचा भरवसा नसतो आणि गणपती तर भाद्रपदात. म्हणून तारांची बेगमी सुक्या मासळीसारखी मे महिन्यातच करून ठेवायची. अलिबागच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने दोन संध्याकाळी बसून वेढे घातले. तो पिकप दादाच्या हातात ठेवला तेव्हा तो "अरे वा" वगैरे काही म्हणाला नाही. स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठला.

तेव्हा भेट निवडणं सोपं होतं, असं म्हणायचा मोह होतो. पण सोपं कसलं? गरिबी होती, आणि गरिबीत कमतरता उघडी असते. काय नाही ते अख्ख्या आळीला पाठ असतं. आज पुतण्याकडे काय नाही हे मला माहीत नव्हतं, कारण त्याच्याकडे काय आहे तेच मी कधी नीट बघितलं नव्हतं.

दादाकडे काय होतं ते सांगतो. हातगाडीवर बारा व्होल्टची ट्रकची बॅटरी, बॅटरीवर चालणारं मशीन (अँप्लिफायरला आम्ही मशीनच म्हणायचो), आणि बांबूला बांधलेला एक भोंगा. वरात पहाटेपर्यंत चालायची. मध्यरात्रीपर्यंत आवाज खणखणीत. मग बॅटरी उतरू लागली की भोंगा फाटायचा. फाटायचा म्हणजे पत्रा नव्हे, आवाज. समुद्राच्या लाटेचा माथा कोणीतरी कोयत्याने सपाट छाटत जावं तसं होतं ते. मशीनच्या अंगात ताकद उरलेली नसते, आणि सूर तर जोरात वर चढत असतो. ताकद संपते तिथे सुराचा माथा कापला जातो. त्या कापलेल्या कडा कानाला खरखरीत लागतात. दादाला त्या आवाजाची चीड होती. भोंग्यात कापसाचा बोळा कोंबून बघितला, पडदा बदलला, मशीनच्या आतले कंडेन्सर बदलून आणले. "आज फाटला नाही" हे त्याच्या लेखी वरात चांगली झाल्याचं प्रमाणपत्र. वाजवलं कसं, नाचले किती, हे नंतर.

दुसरी त्याची आस होती ती इकोची. अलिबागला एकदा मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला होता. सगळे गाणारीला बघत होते, दादा स्टेजच्या कडेला मशीनवाल्याच्या मागे उभा. त्या मशीनमध्ये टेपचा बंद पट्टा फिरत होता. एक डोकं आवाज टेपवर उमटवतं, पुढची डोकी तोच आवाज जरा जराशाने पुन्हा वाचतात. गाणारीने एकदा "आ" म्हटलं की मशीन तीनदा म्हणायचं. त्या काळातलं रोलँड कंपनीचं १९७४ सालचं स्पेस इको हे असल्या यंत्रांतलं नावाजलेलं. दादाने किंमत विचारली आणि घरी येईपर्यंत बोललाच नाही.

इको आम्हाला नवीन नव्हता. ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जायचो तेव्हा तटासमोर उभं राहून आम्ही पोरं हाका मारायचो. परवा पुतण्याने त्याच्या डिले पेडलवर ३०० मिलिसेकंद लावले आणि मी मनातल्या मनात गणित मांडलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३०० मिलिसेकंदांत जाऊन-येऊन १०२ मीटर, म्हणजे भिंत ५१ मीटरवर. म्हणजे पोराने एका कानाच्या पिळाने तट आणून पन्नास मीटरवर उभा केला. आणखी पिळला की तट मागे सरकतो. बापाला जे परवडलं नाही ते पोराकडे तळहातावर आहे, आणि टेप घासून जाण्याची भीती नाही. इतक्या लहान डब्यात डिजिटल डिले बसवणारं पहिलं पेडल बॉस कंपनीने १९८३ साली काढलं होतं, हे मला आता कळतंय. म्हणजे दादाला पिकप मिळाला त्याच्या आधीच तो डबा जगात होता. अलिबागपर्यंत आला नव्हता एवढंच.

आता त्या नारिंगी डब्याकडे येतो. त्याचं काम काय, हे मी विकत घेतल्यावर तीन महिन्यांनी विचारलं. पुतण्या म्हणाला, "काका, हा आवाज फाडतो."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच ती वस्तू त्याचसाठी करतात. आत इलेक्ट्रॉनिक्सची अशी रचना असते की सुराचा माथा मुद्दाम छाटला जातो. आणि याची कुळकथा अशी की अमेरिकेत नॅशव्हिलला एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि बासचा आवाज फाटका उमटला. गाणं मार्टी रॉबिन्सचं. बिघाड दुरुस्त करून पुन्हा घ्यायचं सोडून त्यांनी तोच आवाज ठेवला, तो लोकांना आवडला, आणि तसाच बिघाड हवा तेव्हा व्हावा म्हणून डबा बनवला. मायस्ट्रो कंपनीचा तो फझ-टोन १९६२ साली बाजारात आला. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात वाजला आणि मग सगळ्यांना हवा झाला. पुढे ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन अशी त्याची भावंडं निघाली. बॉसचं नारिंगी रंगाचं डिस्टॉर्शन १९७८ सालापासून आजतागायत विकलं जातंय.

दादा ओसरीवर बसून हे ऐकत होता. "म्हणजे आमचा भोंगा फाटायचा ते," तो म्हणाला, "लोक आता पैसे देऊन घेतात?"

घेतात.

मग पुतण्याने तो वापरला का नाही? एका रविवारी मी त्यांच्या तालमीला जाऊन बसलो. हे मी तीन महिने आधी करायला हवं होतं. तालीम एका नारळाच्या वाडीतल्या शेडमध्ये. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला त्या वाडीतली निम्मी झाडं आडवी केली. शेड नंतरची आहे. ऑक्टोपॅड, ढोलकी, कच्छी ढोल, कीबोर्ड, आणि मध्ये हा. पेडलं पायाशी नव्हती. पार्टी टेम्पोवर किंवा ट्रॉलीवर बसून वाजवते, खाली नाचणाऱ्यांचे पाय, गुलाल आणि चिखल. म्हणून त्याने फळीच्या तुकड्यावर पेडलं चिकटवून ती बँजोच्या स्टँडला उजव्या हाताशी बांधलेली. पायाने दाबायची पट्टी तो अंगठ्याने दाबतो. माझा नारिंगी डबा त्या फळीवर बसत नव्हता, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट त्याने वाजवून दाखवली. बँजो, नारिंगी डबा, आणि तिथून थेट मिक्सरमध्ये. मोठ्या स्पीकरमधून असा आवाज आला की मधमाश्यांचं पोळं डोक्यावर फुटावं. डब्याचा दोष नव्हता. गिटारवाले असल्या पेडलनंतर गिटारचा खास अँप्लिफायर लावतात, त्याचा स्पीकर वरचे तीक्ष्ण सूर फारसे बाहेर सोडत नाही, त्यामुळे फाटका आवाज गोलसर होऊन येतो. मिक्सर आणि आजचे स्वच्छ स्पीकर मात्र सगळंच सोडतात. मी पेडलचा रंग बघितला होता. तो आवाज शेवटी कशातून बाहेर पडणार, हे विचारलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी आणखी एक प्रताप केला. त्याचा ट्यूनर पेडल बॅटरीवर चालत होता, मला वाटलं मदत करू. घरातल्या जुन्या राउटरचा अडॅप्टर नऊ व्होल्टचा, पिनही बसली. डब्यातून जळका वास आला. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात खरे, पण त्यांच्या पिनच्या आतला भाग ऋण असतो. राउटरवाल्यांचा आतून धन. व्होल्ट बरोबर आणि बाजू उलटी. म्हणजे वाढदिवसाच्या भेटीपोटी पोराच्या फळीवरचं एक पेडल मीच कमी केलं. "असू दे काका, जुनं होतं," म्हणाला. जुनं नव्हतं.

मग मी भरपाई करायची ठरवली, आणि यावेळी त्याला बरोबर घेऊन गेलो. आश्चर्याचा धक्का द्यायची हौस मी सोडून दिली. वाजवणाऱ्याला न विचारता वाद्याची वस्तू आणणं म्हणजे न विचारता दुसऱ्याचा चष्मा आणण्यासारखं आहे. मांडव्याहून रो-रो पकडली. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि आता तासाभरात गाडीसकट भाऊच्या धक्क्याला पोचवते. ज्या धक्क्यावर मी तारांची भेंडोळी कागदात गुंडाळून उभा होतो तिथे पुतण्या बँजोची पेटी पाठीला लावून उतरला. धोबीतलावला १८६५ साली सुरू झालेल्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाची पाटी अजून आहे. तिच्यासमोर थांबून मी त्याला जुन्या फेऱ्यांची हकीकत सांगितली, त्याने ती फोनवर मेसेज बघत ऐकली. पुढे ज्या दुकानात शिरलो तिथे भिंतभर गिटारी, आणि त्यांच्या मध्यभागी याने पेटी उघडून बँजो काढला. विक्रेता पोरगा जरा बिचकला. पुतण्याने स्वतःची वायर लावली (आपल्याकडच्या दुकानांत जिला पी-३८ जॅक म्हणतात ती मोठी), एकामागोमाग चार डिले लावून बघितले, प्रत्येकावर तोच कोळीगीताचा तुकडा. चौथ्या वेळेला दुकानातले दोन गिटारवाले जवळ येऊन उभे राहिले. एकाने विचारलं, "हे कुठलं इन्स्ट्रुमेंट?" पुतण्या म्हणाला, "बेंजो." मला त्याचा तो 'बे' फार आवडला.

त्याने सगळ्यांत महाग घेतलं नाही. सगळ्यांत लहान घेतलं, फळीवर बसणारं. कान मोठे आहेत का, ओल्या हाताने पिळता येतात का, हे बघितलं. दोन डबे केवळ त्यांचे दिवे उन्हात दिसत नाहीत म्हणून नाकारले. हे मला कुठल्या जाहिरातीतून कळलं असतं?

नारिंगी डब्याचं पुढे असं झालं. दिवाळीत माळा झाडताना दादाचा जुना भोंगा खाली आला. पडदा शाबूत होता. पुतण्याने सहज म्हणून नारिंगी डबा त्याच्या पुढ्यात लावला, छोट्या मशीनमधून. मधमाश्या गेल्या. भोंगा मुळातच खालचे जाड सूर देत नाही आणि वरचे तीक्ष्ण सूरही फार वर नेत नाही. गिटारच्या स्पीकरने जे करायचं ते पत्र्याने केलं. १९८६ ची पहाट झाली, बॅटरी उतरलीय आणि वरात अजून देवळापाशीच आहे, असा आवाज अंगणात आला. पोराच्या अंगावर शहारा आला. दादाने कान झाकले. चाळीस वर्षं जो आवाज काढून टाकण्यासाठी बोळे कोंबले तो परत आणल्याबद्दल त्याने आम्हा दोघांना आगरी-कोळी बोलीतली जी फुलं वाहिली ती इथे छापता येणार नाहीत.

आता पार्टीच्या टेम्पोवर मोठ्या स्पीकरांच्या बाजूला तो एक भोंगा असतो. त्याच्या तोंडाशी माइक, माइक मिक्सरमध्ये. हळदीत दोन गाणी त्या फाटक्या आवाजात होतात, आणि लोक तीच पुन्हा मागतात. दहाच्या ठोक्याला मात्र सगळं बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायला मनाई आहे, आणि वर्षातले काही ठरावीक सणाचे दिवस सोडले तर बाराची सवलतही नाही. पहाटेपर्यंतची वरात संपली. मला तिची फार आठवण येते असं नाही. त्या वराती आमच्या दारात असायच्या तेव्हा आईला सकाळी चारला उठून मासळीच्या बाजाराला जावं लागायचं, आणि तिला झोप कधी मिळाली असेल हे तेव्हा आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वरसोलीच्या विठोबाच्या जत्रेला पार्टीची सुपारी आहे, कार्तिक वद्य एकादशीला. जळलेल्या ट्यूनरच्या जागी नवा घेऊन दिलाय, पुतण्याने सांगितलेलाच. अडॅप्टर वेगळा आणला, आतून ऋण असलेला, आणि घरातल्या राउटरच्या अडॅप्टरला मी लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे.